मागची चाकं मोठी

गाडी पूर्वी माझी होती, म्हणून मला बोलावलं गेलं. एरवी त्या ग्रामसभेत बाहेरच्या माणसाचं काही काम नसतं.

गाव अहेरीच्या पुढे, जंगलात आहे. नाव देत नाही. गोंड कुटुंबांची वस्ती, भाताची शेती, मोह, तेंदूपत्ता, बांबू. तेंदूपत्त्याचा व्यवहार गाव स्वतः करतं आणि आलेल्या पैशाचं काय करायचं तेही गाव बसूनच ठरवतं. एका वर्षी त्यांनी त्यातून माझी जुनी गाडी घेतली. चंद्रपुरात बसून घुग्घुस, माजरी, गडचिरोली असं बातम्यांसाठी फिरताना मी ती बरीच वर्षं वापरली होती. चारही चाकांना ओढ असलेली गाडी या भागात फार मिळत नाही. गावाला तशीच हवी होती, कारण गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक नाला आहे, आणि नाल्याच्या गावाकडच्या अंगाला काळ्या चिखलाचा चढ आहे.

गाडी घेण्यामागे एक घटना होती. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात गावातल्या एका बाईला कळा सुरू झाल्या. बैलबंडी त्या चढावर रुतली. बाळ बंडीतच जन्मलं आणि तिथेच गेलं. त्या बाईचा नवरा घुग्घुसला कोळशाचा ट्रक चालवायचा. तो नोकरी सोडून गावी आला आणि गाडी आल्यावर गावाने ती चालवायचं काम त्याच्याकडे दिलं. सगळे त्याला डायवर भाऊ म्हणत. त्याच्याहून मोठे लोकही.

मी सांगतोय त्या वर्षी ती बाई पुन्हा गरोदर होती. दिवस भरायचे होते ते ऐन पावसात.

मे महिन्यात नाल्याच्या कोरड्या पात्रातल्या दगडांनी मागचे दोन्ही टायर बाजूने कापले गेले. एक आधीच फाटला होता, त्याच्या जागी स्टेपनी चढवली होती. आता तीही गेली. डायवर भाऊ चंद्रपूरला आला आणि आम्ही दोघं टायरच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने टायरवरचे आकडे वाचले. दोनशे पंधरा, पासष्ट, सोळा.

"ये साइज अब कौन लेता है भाऊ," तो म्हणाला. "नागपूरले ऑर्डर टाकतो. आलं तर आलं."

"कधी येईल?" मी विचारलं.

"आलं की फोन करतो ना."

मग त्याने माळ्यावरून दोन टायर खाली सोडले. दोनशे पस्तीस, सत्तर, सोळा. त्याच रिमवर बसणारे, पण रुंदीला जास्त आणि उंचीलाही.

"हे मांगं चढवा. गाडी कशी उठून दिसंन! चिखलात तं घुसलीच समजा."

"चार आहेत?" मी विचारलं.

"दोनच. अन् चार असते तरी समोर घासले असते. स्टेअरिंग वळवलं का मडगार्डले लागते."

मी त्याला सांगितलं की या गाडीत पुढची आणि मागची चाकं एकाच घेराची लागतात. तो म्हणाला, "किताब में सब लिखा रहता है, साहेब." डायवर भाऊ टायरवर हात फिरवत उभा होता. नवीन रबराच्या खोल नक्षीत त्याचं बोट पहिल्या पेरापर्यंत आत जात होतं.

"मी एकटा नाई ठरवू शकत," तो म्हणाला. "गाडी गावाची आहे. सभेत ठेवा लागते."

त्याने टायर नेले, पण चढवले नाहीत.

सभा गोटुलात भरली. गोटुल म्हणजे गावाचं बसण्याचं घर. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला. बाहेरचा माणूस दाराशी बसतो आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. निर्णय हात वर करून होत नाही. एकाचाही नकार असेल तर विषय तसाच राहतो आणि पुन्हा बसावं लागतं. एकदा सगळ्यांचं एकमत झालं की तो निर्णय बदलायलाही पुन्हा सगळ्यांनीच बसायचं. गाव या पद्धतीने बांबूचा करार करतं, तंटे सोडवतं, शाळेचं छप्पर ठरवतं. त्या दिवशी टायरचा आकार ठरवायचा होता.

दोन्ही जोड टायर मध्ये मांडले होते. बरंच बोलणं गोंडीत झालं. शेजारचा एक जण मला मराठीत सांगत होता. मग म्हातारे पाटील माझ्याकडे वळले.

"भाऊ, गाडी तुमच्याजवळ होती. तुम्ही सांगा."

मी उठलो. एक सुतळी मागितली. आधी जुन्या टायरभोवती गुंडाळली, जिथे टोक आलं तिथे गाठ मारली. मग तीच सुतळी मोठ्या टायरभोवती फिरवली. गाठ टोकाला पोचली नाही. मधे तळहाताच्या लांबीएवढी जागा उरली.

मी सांगितलं ते असं. ही गाडी एरवी पुढच्या चाकांवर चालते. पुढची चाकं घसरून जास्त फिरू लागली की मागच्या धुऱ्याजवळचा एक भाग, त्याला कपलिंग म्हणतात, मागच्या चाकांना जोडून घेतो आणि मग चारही ओढतात. मागचं चाक मोठं असेल तर तेवढ्याच रस्त्याला ते कमी वेळा फिरतं. पुढचं जास्त फिरतं. गाडीला वाटतं पुढची चाकं घसरताहेत. साध्या, कोरड्या रस्त्यावरही तिला तसंच वाटत राहतं. ती कपलिंग सारखं जोडत राहते, ते तापतं, आणि एका हद्दीपलीकडे तापलं की गाडी मागची चाकं सोडून देते. मागे रुंद टायरच हवा असेल तर दोनशे पस्तीस, साठ घेता येईल. रुंदी वाढते, घेर जवळजवळ तोच राहतो. पण तोही दुकानात नाही.

लोकांनी नीट ऐकलं. सुतळी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली. दोघातिघांनी स्वतः गुंडाळून पाहिली.

मग भिंतीला टेकून बसलेला एक जण बोलला. गावाचा ट्रॅक्टर तो चालवायचा.

"भाऊ, आमचा ट्रॅक्टर पाह्यला का तुम्ही?"

"पाहिला."

"समोरचे चाकं लहान, मांगचे मोठे. बरोबर? अन् चारही ओढतेत. धानाच्या बांदीत गुडघाभर चिखल राह्यते, तरी निघते. मंग त्याले काऊन काही होत नाई?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. प्रश्न चोख होता. त्या गावात चारही चाकांनी ओढणारं दुसरं यंत्र एकच होतं, आणि ते नेमकं मी नको म्हणत होतो तसंच होतं. 

उत्तर मला नंतर कळलं. ट्रॅक्टरच्या आतले दाते कारखान्यातच त्या लहान-मोठ्या चाकांच्या हिशेबाने बसवलेले असतात. पुढचं चाक जास्त फिरणार हे त्याला आधीच माहीत असतं. पण हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं, आणि असतं तरी फार फरक पडला असता असं वाटत नाही.

"शहरातली गाडी लाडाची आहे," बायांच्या बाजूने एक म्हातारी म्हणाली. "एक पाय मोठा, एक लहान झाला तं लंगडते."

हशा झाला. मीही हसलो. तिने बरोबर तेच म्हटलं होतं.

हशा थांबल्यावर डायवर भाऊची बायको बोलली. ती खांबाला टेकून, पाय लांब करून बसली होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "पाण्यापावसात चढावरून निघंन का?"

"चारही टायर सारखे असतील तर निघेल," मी म्हणालो.

"सारखे कधी भेटतीन?"

"सांगता येत नाही."

"पावसाच्या आंधी?"

"सांगता येत नाही."

"अन् हे नाई लावले तं?"

मागच्या चाकांना तेव्हा टायरच नव्हते. गाडी विटांवर उभी होती.

"तर गाडी इथेच राहील," मी म्हणालो.

"मंग लावा," ती म्हणाली.

पाटलांनी दोन्ही बाजूंना विचारलं. कोणाचा नकार नव्हता. मला मत नव्हतं. असतं तर मी कोणत्या बाजूला दिलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

निघताना मी डायवर भाऊला गाडीतलं बटण पुन्हा दाखवलं. ते तीन जागी फिरतं. एका जागी फक्त पुढची चाकं ओढतात, दुसऱ्या जागी गाडी स्वतः ठरवते, तिसऱ्या जागी चारही बांधून टाकते. कोरड्या रस्त्यावर पहिल्या जागी ठेवायचं, तिसरी जागा फक्त चिखलात. त्याने मान हलवली. पण गावापासून नाल्यापर्यंतचा रस्ता एकसारखा नाही. थोडा चिखल, मग सिमेंटचा तुकडा, पुन्हा चिखल, पुन्हा सिमेंट. योजना येतात तशा तुकड्यांनी तो बांधला गेला आहे. दर तुकड्याला बटण फिरवायचं म्हणजे एक हात त्यावरच ठेवावा लागतो.

पहिला फोन जूनमध्ये आला. गावाजवळच्या एका टेकडीवरच नेटवर्क मिळतं, त्यामुळे फोन आला म्हणजे माणूस मुद्दाम चढून आलेला असतो.

"समोर पिवळा दिवा लागला, भाऊ. अन् जळका वास येऊन राह्यला."

"थांबव. थंड होऊ दे."

काही दिवसांनी मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, दिवा गेला. नंतरही असंच होत राहिलं. तापाचा रोगी, साप चावलेला एक माणूस, अंगणवाडीचा आहार असं घेऊन गाडी अहेरीला जाई. मधेच दिवा लागे, मग मोहाच्या एका ठरावीक झाडाखाली ती उभी करायची आणि दिवा जाईपर्यंत बसायचं. गावाने ते अंगवळणी पाडून घेतलं होतं. बैल धापा टाकू लागला की जुवातून सोडतात, तसं. "गाडीले दम लागला," असं लोक म्हणत आणि खाली उतरून तंबाखू मळत. मला हे ऐकून बरं वाटलं होतं. यंत्राशी काहीतरी समझोता झाला आहे असं वाटलं.

चंद्रपुरात मी दुकानदाराकडे जात होतो. तो मला बघून लांबूनच हात हलवू लागला. "नाई आलं, नाई आलं." एकदा म्हणाला, "साहेब, तुम्ही रोज येऊन राह्यले, लोकं समजतीन मी तुमचं काई देणं लागतो." मग जुलैमध्ये, संततधार सुरू असताना, टायर आले. जुन्या मापाचे, दोन. मी ते घरी आणून व्हरांड्यात ठेवले. त्या दिवसांत आष्टीच्या पुढे रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकांनी पाडलेले खड्डे पाण्याने भरले होते आणि वाहतूक तासन्‌तास अडत होती. पाऊस उघडल्यावर टायर मागच्या सीटवर टाकून मी निघालो. माझी नवी गाडी बुटकी, शहरी, पुढच्या दोन चाकांवर चालणारी. मी अहेरीला पोचलो आणि चहा घेत असतानाच फोन वाजला.

डायवर भाऊ होता. धावत टेकडी चढल्यासारखा श्वास लागला होता.

"भाऊ, बाईले कळा सुरू झाल्या. घेऊन निघून राह्यलो. दवाखान्याच्या गाडीले फोन केला, ते दुसऱ्या पेशंटले घेऊन गेली म्हणते."

"नाल्यावर पाणी आहे?"

"रपट्यावरून जाऊन राह्यलं. गुडघाभर असंन. आपली गाडी निघते त्याच्यातून."

रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल. पाणी वाढलं की त्याच्यावरून वाहतं. मी सांगितलं की मी अलीकडच्या काठावर येऊन थांबतो. टायर माझ्यासोबत आहेत हे मी सांगितलं नाही. त्या क्षणी ते सांगण्यात काही अर्थ नव्हता.

मी नाल्याशी पोचलो तेव्हा पलीकडे कोणी नव्हतं. पाणी रपट्यावरून सरळ, एकसारखं वाहत होतं. माझी गाडी त्यात घालता येण्यासारखी नव्हती. मी काठावर उभा राहिलो.

थोड्या वेळाने जंगलातून गाडी बाहेर आली. मागचा भाग उचललेला, त्यामुळे ती नेहमी उतारावर असल्यासारखी दिसे. शेवटचा सिमेंटचा तुकडा संपवून ती चढाच्या पायथ्याशी आली. त्या काठाला आधी चढ आहे, मग उतरून रपटा. चढ जेमतेम दोन गाड्यांच्या लांबीचा. गाडी चढू लागली, अर्ध्यावर गेली आणि थांबली. पुढची चाकं फिरत होती. काळा चिखल उडून काचेवर येत होता. मागची चाकं फिरत नव्हती. नवीन, रुंद, खोल नक्षीची चाकं चिखलात स्थिर उभी होती, आणि पुढची झिजलेली दोन चाकं सगळी गाडी, आतली माणसं आणि त्या दोन मोठ्या चाकांचं ओझं वर ओढू पाहत होती.

गोटुलात मी सुतळीने जे दाखवलं होतं ते आता पलीकडे घडत होतं. ते समजणारा मी काठावर होतो आणि त्या समजण्याचा कोणाला उपयोग नव्हता. हाक मारली तर पाण्याच्या आवाजात पोचत नव्हती. पोचली असती तरी काय सांगणार होतो.

गाडी मागे घसरत खाली आली. डायवर भाऊ उतरला. बॉनेटला हात लावला, मागे जाऊन वाकून खाली पाहिलं. मग त्याने जे इतके दिवस करत होते तेच केलं. गाडी बंद केली आणि थांबला. दिवा जाण्याची वाट पाहत होता. सोबतचे लोक उतरून उभे राहिले. या वेळी कोणी तंबाखू काढली नाही. आतून तिचा आवाज मला ऐकू येत नव्हता, पण बाहेर उभ्या असलेल्या बायांनी एकदम दाराकडे वळून पाहिलं की कळ आली हे इकडे कळत होतं. त्यांचं तसं वळणं वाढत गेलं.

त्याने पुन्हा गाडी सुरू केली. लोकांनी मागून ढकललं. पुढची चाकं फिरली, मागची नाही. तिसऱ्या वेळी त्याने प्रयत्न केला नाही. उघड्या दारातून तो नुसता आत, स्टेअरिंगच्या मागच्या त्या पिवळ्या दिव्याकडे बघत उभा राहिला. नंतर त्याने सांगितलं की दिवा गेलाच नाही.

दोन माणसं गावाकडे धावली आणि खाट घेऊन आली. तोवरचा वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. खाट उलटी करून दोर बांधले, मधे गोधडी टाकली. तिला त्यात झोपवून चौघांनी खांद्यावर घेतलं. डायवर भाऊ पुढच्या उजव्या बाजूला होता. चढ ते अनवाणी चढले. मग काठीने आधी तळ चाचपत, पाणी मांड्यांना लागत असताना, रपट्यावरून पावलापावलाने इकडे आले. खाटेवरच्या गरोदर बाईचा असा फोटो आमच्या पेपरात दर पावसाळ्यात येतो. मोबाइल माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. त्या वेळी तो आठवलाही नाही.

माझ्या गाडीची मागची सीट टायरांनी भरलेली होती. तिला आडवं ठेवायचं तर जागा करणं भाग होतं. मी आणि एका माणसाने दोन्ही टायर बाहेर ओढले आणि रस्त्याच्या कडेला टाकले. डायवर भाऊने त्यांच्याकडे पाहिलं. त्यावरचे आकडे त्याने वाचले असावेत.

"आले का?" एवढंच तो म्हणाला.

"आले," मी म्हणालो.

तो बायकोचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसला. एक म्हातारी पुढे बसली. सभेत लंगडण्याचं बोललेली तीच. रस्ताभर ती गोंडीत काहीतरी सांगत राहिली आणि मागून उत्तर येत राहिलं. उत्तर येणं थांबलं की ती मागे वळून हात लावून बघायची. मी खड्डे चुकवत होतो. त्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

मुलगी झाली. दवाखान्यात, पोचल्यावर थोड्याच वेळात. वजन कमी होतं, रडायला तिने वेळ लावला, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. जगली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी भेटायला गेलो तेव्हा तिच्या आईने बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं आणि मला पाहू दिलं.

"पहिल्या वेळेस बैलबंडी होती," ती म्हणाली. "यावेळेस खाट. तुमची गाडी कधी कामी येणार आहे, भाऊ?"

डायवर भाऊ हसला. 

टायर कडेला तसेच होते. कोणी नेले नव्हते. पाणी उतरल्यावर पुन्हा सभा बसली, कारण आधीचा निर्णय बदलायचा होता. या वेळी फार बोलणं झालं नाही. नवीन टायर मागे चढवले, मोठे काढून ठेवले. सुतळी मागवून एकाने चारही चाकांना गुंडाळली आणि गाठ बरोबर टोकाला येते हे सगळ्यांना दाखवलं. आता घेर सारखा आहे. पण कपलिंग जळलं आहे. अहेरीच्या मिस्त्रीने खाली शिरून पाहिलं आणि सांगितलं की ते इथे दुरुस्त होण्यासारखं नाही, भाग बाहेरून आणावा लागेल. सुट्या भागांचा दुकानदारही म्हणतो, ऑर्डर टाकतो, आलं तर आलं.

गाडी चालते. उन्हाळ्यात, हिवाळ्यात चालते. पिवळा दिवा कायमचा लागलेला असतो. लोकांनी त्याच्याकडे बघणं सोडलं आहे. चारही चाकं सारखी आहेत आणि ओढतात दोनच.

मोठे टायर गोटुलाच्या मागे ठेवले आहेत. मागच्या खेपेला गेलो तेव्हा ती मुलगी त्यातल्या एकाला धरून उभी राहायला शिकत होती. चढ तसाच आहे. गावात आणखी एकीला दिवस गेले आहेत. तिचे कधी भरतात ते मी विचारलं. पावसाळ्यात, असं कळलं.